नळदुर्गच्या पाण्यावर एक दिवस

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. सकाळी निघावे, निवांत किनाऱ्यावर मनसोक्त डुंबावे आणि संध्याकाळी घरी यावे, हे सुख कोकणातल्या माणसांचे. पण पाऊस चांगला झाला, की सोलापूर शहरातली माणसे एका दिवसाच्या सहलीसाठी आपल्याच जिल्ह्यात, नळदुर्गला येतात. मग आपणच का मागे राहावे? खुरपणी आटोपली, पोळा झाला, की एक दिवस काढा आणि मुलाबाळांना घेऊन जा.

नळदुर्ग तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. सोलापूरहून अंतर सुमारे ५० किलोमीटर. एस.टी.ची सोय आहे. धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि पिण्याचे पाणी बरोबर घ्या.

किल्ल्यात पाहायचा तो बोरी नदीवरचा दगडी बांध. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो बांधला गेला. बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरून आली, की पाणी बांधावरून दोन ठिकाणी खाली कोसळते. लोक त्या धबधब्यांना नर आणि मादी म्हणतात. डोक्यावरून नदी वाहते आणि आतला महाल मात्र कोरडा! आपल्या शेताचा बांध एका वळवाच्या पावसात फुटतो. हा ४०० वर्षे पाणी झेलत उभा आहे. मुलांना हे जरूर दाखवा.

एक लक्षात ठेवा. नदीवर वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरून सांडू लागले, म्हणजेच हे धबधबे जोरात वाहतात. म्हणून निघण्यापूर्वी एस.टी.च्या वाहकाकडे किंवा नळदुर्गच्या पाहुण्यांकडे चौकशी करा.

आता महत्त्वाचे. विहिरीत सूर मारणाऱ्या पोरांना हे पाणी पाहिले, की उडी घ्यावीशी वाटते. घेऊ देऊ नका. घरच्या विहिरीचे पाणी उभे असते, तिचा तळ आणि कपारी आपल्याला ठाऊक असतात. येथे पाणी ओढते, दगडांवर शेवाळ असते, तळाशी किती गाळ आहे ते दिसत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर पाऊस झालेला असतो आणि पाणी एकाएकी चढते. पट्टीचा पोहणाराही अशा ठिकाणी फसतो. येथले पाणी डोळ्यांनी पाहायचे, अंगाने नाही.

पोहण्याची हौस गावातच भागवा. उन्हाळ्यात पायऱ्यांच्या विहिरीत, कमरेला सुका भोपळा किंवा पांगऱ्याचा बिंडा बांधून, काठावर दोर धरलेला जाणता माणूस ठेवून मुलांना शिकवा. आणि फक्त मुलग्यांना नव्हे, मुलींनाही शिकवा. धुण्याला नदीवर आणि पाण्याला विहिरीवर त्याच जास्त जातात.

कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी टाकू नका. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघेही जातात. धोतर, लुगडे, दोर, बांबू, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे हाती लागेल ते टाका आणि ओढून घ्या. बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल, तर पोट दाबून किंवा उलटे टांगून पाणी काढण्यात वेळ दवडू नका. उताणे निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने तोंडात फुंकर घाला आणि छातीच्या मधोमध जोरात, भराभर दाबत राहा. दुसऱ्याने लगेच १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

एवढी काळजी घेतली, तर सहलीसारखे सुख नाही. बुरूज पाहा, महाल पाहा, सावलीत बसून धपाटी खा, तुषारांनी अंग भिजू द्या. आणि धारा काढायच्या वेळेला, गेले होते तेवढे सगळे, घरी परत या.