एक नाव, चार खेळाडू

२००८च्या ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या टेनिस कोर्टवर ली ना या चिनी खेळाडूने व्हीनस विल्यम्सला हरवलं आणि उपांत्य फेरी गाठली. तिथे रशियाच्या दिनारा साफिनाने तिची घोडदौड रोखली. कांस्यपदकाची लढत व्हेरा झ्वोनारेवाने जिंकली आणि ली ना चौथी आली. त्याच ऑलिंपिकमध्ये, त्याच शहरात, महिलांच्या एपे तलवारबाजीतही कांस्यपदकासाठी एक चिनी खेळाडू झुंजत होती. हंगेरीच्या प्रतिस्पर्धीने तिला हरवलं आणि तीही चौथी आली. तिचं नाव? ली ना!

एकच देश, एकच ऑलिंपिक, एकच नाव आणि स्थानही एकच. दोघींची पुढची वाटचालही सारखीच चढती होती. टेनिसच्या ली नाने २०११ साली फ्रेंच ओपन जिंकली. ग्रँड स्लॅम एकेरीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिलीच आशियाई खेळाडू. २०१४मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकली. तलवारबाज ली नाने २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एपेच्या सांघिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं.

गोष्ट इथेच संपत नाही. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर उंचीच्या प्लॅटफॉर्मवरून सूर मारणाऱ्या एका चिनी मुलीने साथीदार सांग शुए हिच्यासह सुवर्ण आणि वैयक्तिक प्रकारात रौप्य जिंकलं होतं. तीही ली ना. ट्रॅक सायकलिंगमध्ये केइरिन नावाची शर्यत असते. तिच्यात सुरुवातीचे फेरे एका मोटरवाहनामागे मारायचे आणि ते बाजूला झालं की जीव तोडून सायकल पळवायची. २००२ साली या शर्यतीची जगज्जेती ठरलेली चिनी सायकलपटूही ली नाच. रॅकेट, तलवार, पाणी आणि सायकल. चार खेळ, चार ली ना आणि चौघीही जागतिक दर्जाच्या.

हा निव्वळ योगायोग म्हणावा, तर एका गोष्टीपाशी अडखळायला होतं. या चौघीही १९८०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच जन्मलेल्या आहेत. चीनमध्ये आडनाव आधी लावतात आणि मग नाव. वांग आणि ली ही तिथली सर्वांत मोठी आडनावं. प्रत्येकी सुमारे १० कोटी माणसं ती लावतात. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, म्हणजे एकेक आडनाव जवळजवळ आपल्या राज्याएवढं. वांग, ली, झांग, लिऊ आणि चेन या पाच आडनावांत देशातली सुमारे ३० टक्के माणसं सामावतात. त्यात, या मुली जन्मल्या त्या काळात बाळाला दोन अक्षरांऐवजी एकाच चिनी अक्षराचं नाव ठेवण्याची लाट आलेली होती. आडनावाचं एक अक्षर, नावाचं एक अक्षर, संपलं. आईवडिलांनी हौसेने निवडलेलं नाव शेजारच्या गल्लीतही, हजार किलोमीटरवरच्या शहरातही त्याच हौसेने निवडलं जात होतं.

आता यात थोडं गणित मिसळू. एका खोलीत २३ माणसं असली, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही, कारण आपण मनात ‘माझ्या वाढदिवसाशी’ जुळणारं माणूस शोधत असतो. पण खोलीत जोड्या किती होतात ते पाहा: २३ माणसांच्या २५३ जोड्या. त्यांतली कुठलीही एक जुळली तरी पुरे. बीजिंगमध्ये चीनच्या पथकात ६३९ खेळाडू होते. त्यांच्या जोड्या होतात २ लाख ३ हजार ८४१! आडनावं मोजकी, नावं एका अक्षराची आणि जोड्या दोन लाखांवर. त्या पथकात नावं जुळली नसती, तरच नवल करावं लागलं असतं.

याहूनही चक्रावून टाकणारी गोष्ट वांग हाओ या नावाची आहे. पहिला वांग हाओ टेबल टेनिसचा. अथेन्स, बीजिंग आणि लंडन अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये तो एकेरीच्या अंतिम फेरीत पोचला आणि तिन्ही वेळा हरला. २००९ साली तो जगज्जेता झाला, सांघिक सुवर्णही मिळालं, पण ऑलिंपिकचं एकेरीतलं सुवर्ण काही हाती लागलं नाही. पुढे तो प्रशिक्षक झाला. त्याचा शिष्य फान झेंदोंग टोकियोत अंतिम सामना हरला आणि २०२४मध्ये पॅरिसला तेच एकेरीचं सुवर्ण जिंकला. दुसरा वांग हाओ बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर. २०१९ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून त्याने जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत प्रवेश मिळवला होता. तिसरा वांग हाओ चालण्याच्या शर्यतीचा. २००९ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत २० किलोमीटरमध्ये तो दुसरा आला आणि विजेता उत्तेजकांच्या प्रकरणात बाद ठरल्यावर सुवर्ण त्याच्याकडे आलं. चौथी वांग हाओ ही मुलगी. लंडन ऑलिंपिकमध्ये चेन रुओलिनच्या साथीने दहा मीटरवरून जोडीने सूर मारण्याच्या प्रकारात तिने सुवर्ण मिळवलं.

आता ही चार नावं चिनी लिपीत लिहून समोर ठेवली, तर काय दिसतं? टेबल टेनिसपटू आणि ग्रँडमास्टर यांचं नाव अक्षर न् अक्षर सारखं. चालणाऱ्याचं नाव कानाला अगदी तसंच, पण त्यातला ‘हाओ’ वेगळ्या अक्षराने लिहिलेला. सूर मारणाऱ्या मुलीचं तर आडनावच निराळं. चिनी भाषेत एकाच उच्चाराला सुरांच्या चढउताराने वेगळा अर्थ येतो आणि तिचा ‘वांग’ वेगळ्या सुरात म्हणायचा असतो. चिनी वाचकाला तिच्या आणि बाकीच्यांच्या आडनावांत गल्लत होण्याचं कारणच नाही. पण आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या निकालफलकावर नावं रोमन लिपीत, सुरांच्या खुणा गाळून लावली जातात. सूर सोडले, तर चिनी भाषेत वेगळे उच्चार उरतात जेमतेम ४००. हजारो अक्षरांना तेवढ्यातच भागवावं लागतं. म्हणजे यांतली काही नामसाम्यं आईवडिलांनी घडवलेलीच नाहीत, ती लिपी बदलताना जन्मली. आपली देवनागरीही त्या चौघांना एकाच साच्यात बसवते.

जिथे नावं एकमेकांवर आदळतात, तिथे माणसं त्यांना वेगळं करण्याचे उपाय शोधतात. आपल्याकडे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये वडिलांचं नाव येतं. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवणारे खाशाबा दादासाहेब जाधव ही तीन पदरी ओळख. तिन्ही पदर जुळणारं दुसरं माणूस सापडणं फार कठीण. त्याच हेलसिंकीत हॉकीच्या अंतिम सामन्यात बलबीर सिंग यांनी नेदरलँड्सविरुद्ध पाच गोल केले होते. पुढे इतके बलबीर सिंग भारतीय हॉकीत आले, की त्यांना ‘बलबीर सिंग सीनिअर’ म्हणावं लागलं. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकणाऱ्या भारतीय संघात एकदम तीन बलबीर सिंग होते. त्यांतले दोघे तर जालंधरजवळच्या संसारपूर या एकाच गावचे. मग त्यांची ओळख नोकरीवरून होऊ लागली: रेल्वेचे बलबीर, सेनादलाचे बलबीर, पंजाब पोलिसांचे बलबीर.

दक्षिण कोरियात किम, ली आणि पार्क या तीन आडनावांतच देशातली ४० टक्क्यांहून जास्त माणसं येतात. तिथल्या महिला गोल्फ संघटनेने सरळ आकडे वापरले. एका नावाच्या खेळाडू ज्या क्रमाने नोंदणी करतील, तो क्रमांक नावापुढे लागतो. ली जाँग-उन नावाची तरुणी आली, तेव्हा त्या नावाच्या पाचजणी आधीच नोंदलेल्या होत्या. ती झाली ली जाँग-उन ६.

असा आकडा कुणाला खटकला असता, कुणी तो गाळून टाकला असता. तिने तो आपल्या चेंडूवर लिहिला. तिच्या चाहत्यांनीही स्वतःला ‘लकी ६’ म्हणवून घेतलं. २०१९ साली अमेरिकेची महिला ओपन स्पर्धा तिने जिंकली, तेव्हा चार दिवसांच्या खेळाअखेर तिचे फटके पारपेक्षा, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, बरोबर ६ने कमी भरले होते. आडनाव घराण्याकडून आलेलं, नाव आईवडिलांनी ठेवलेलं, क्रमांक कार्यालयाने चिकटवलेला. तो मिरवायचा, हे मात्र तिचं तिने ठरवलं.