वीस बाय चौदाचं माजघर

आयटीआयच्या आरेखक वर्गात दहावी करून आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, “सर, कॉम्प्युटरवर कधी बसायचं?” त्यांची घाई रास्त आहे. शिरवळ, खेड-शिवापूर, चाकण, कुठल्याही कारखान्याच्या मुलाखतीत ‘ऑटोकॅड येतं का’ हे आधी विचारतात. रोट्रिंगच्या पेनानं ट्रेसिंग पेपरवर शाई फिरवणारे आणि अमोनिया प्रिंटचा वास सहन करणारे ट्रेसर आता निवृत्त झाले. तरीही सुरुवातीला मुलांपुढे ड्रॉइंग बोर्डच येतो. ४२० बाय ५९४ मिलिमीटरचा ए-२ कागद क्लिपांनी ताणून बसवायचा, समास आखायचा, बारीक रेषेला एच पेन्सिल, ठळक रेषेला एचबी. दिसणारी कड ठळक आणि सलग. आड गेलेली कड तुटक. मध्यरेषा लांब-आखूड तुकड्यांची. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ या पुस्तिकेत हे सगळं ठरवून दिलेलं आहे आणि पहिल्या कोनाची पद्धतही तिथलीच : समोरचं दृश्य वर, वरून दिसणारं खाली.

शाळेत इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा दिलेली मुलं इथे पटकन पुढे जातात, कारण घनभूमिती त्यांनी थोडीफार हाताळलेली असते. बाकीच्यांना तुटक रेषा छळते. जे दिसत नाही ते का काढायचं, हे त्यांना उमगत नाही. ठोकळे दाखवून मी ते कितीही समजावलं तरी फार उपयोग होत नाही. उपयोग होतो तो घराचा.

वेल्ह्याहून केळदकडे, मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली लागतं. तालुक्याला आता राजगड म्हणतात. सह्याद्रीची धार इथून जवळ, त्यामुळे पाऊस धो धो आणि छपरं उताराची. वर्गातल्या एका मुलाचं घर याच गावात होतं. जुनं, कौलारू, पुढे ओसरी, मधे माजघर, बाजूला गोठा. ते मोजायला आम्ही गेलो. त्याचे आजोबा ओसरीवर बसून होते. “मोजायचं काय त्यात? माजघर वीस बाय चौदा. भिंत दीड फुटाला चार सूत कमी.”

मुलांनी वहीत तसंच लिहून घेतलं आणि तिथेच अडली. पुस्तकात सगळं मिलिमीटरमध्ये, गवंडी-सुतारांचं बोलणं फुटात आणि सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. दीड फूट ४५७, त्यातून चार सूत वजा केले की साधारण ४४५. दाराच्या चौकटीपाशी पट्टी लावून भिंतीची जाडी पाहिली, तर ४४५च भरली. आजोबांनी ती किती वर्षांपूर्वी मोजली असेल कोण जाणे.

मग फीत धरून माजघर आतून मोजलं. लांब बाजू ६१००, आखूड ४२७०. समोरासमोरच्या भिंती सारख्या. म्हणजे वीस बाय चौदा बरोबर. मुलं फीत गुंडाळायला लागली, तेव्हा मी कर्ण घ्यायला सांगितलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फीत ताणली : एक कर्ण ७५२०, दुसरा ७३७०. पुन्हा मोजलं, तेच. खोली काटकोनात नव्हती. आजोबांना हे ठाऊक होतं. “शेजारचा बांध तिरका होता, भिंत त्याच्या कडेनं घेतली,” ते म्हणाले.

छपराशी आम्ही सर्वांत जास्त वेळ रमलो. भिंतीपासून आढ्याखालच्या रेषेपर्यंत आडवं अंतर २४००, भिंतीच्या माथ्यापासून आढं १८०० वर. वरून पाहिलेल्या नकाशात वासा किती लांब दिसेल? २४००. आणि लाकूड किती लांब आणावं लागेल? वर्ग चूप होता. घरातला मुलगा म्हणाला, “दहा फूट आणतो आम्ही.” पावसाआधीच्या शाकारणीत त्यानं वडिलांना कुजका वासा बदलताना मदत केली होती. हिशोब केला तर ३००० मिलिमीटर, म्हणजे दहा फुटाला जेमतेम कमी. तिरकी वस्तू नकाशात आखूड होते आणि तिची खरी लांबी दुसऱ्या दृश्यात शोधावी लागते, हे अठराव्या शतकात फ्रान्सच्या गास्पार मोंजनं शास्त्रात बसवलं. किल्ल्यांच्या बांधकामाला ते इतकं उपयोगी होतं की फ्रेंच लष्करानं ती पद्धत काही काळ गुप्त ठेवली. तोरण्याच्या पलीकडच्या या गावात एका पोराच्या हाताला ती आधीच माहीत होती. कौलांखालचे वासे समोरच्या दृश्यात तुटक रेषेनं का येतात, हे त्या दिवसानंतर वर्गात कुणाला सांगावं लागलं नाही. वासा कौलाखाली असतोच, तो दाखवला नाही तर सुतार आणणार काय?

यानंतर कॉम्प्युटर. एका मुलीनं माजघर काढायला घेतलं. एफ-८ दाबून ऑर्थो चालू केलं की रेषा फक्त आडवी नाहीतर उभी जाते. तिनं ६१०० टाइप केलं, मग ४२७०, परत ६१००, आणि शेवटची रेषा पहिलीला अचूक जुळली. स्क्रीनवर देखणा आयत उभा राहिला. मी कर्ण मोजायला सांगितलं. दोन्ही ७४४६. तिनं वही उघडून पाहिली आणि स्वतःच सगळं पुसलं.

ऑर्थो बंद केलं. पायाची एक बाजू ६१०० काढली. एका टोकावर ४२७० त्रिज्येचं वर्तुळ, दुसऱ्यावर ७५२०चं. दोन्ही छेदतात तिथे तिसरा कोपरा. कंपासनं कागदावर हेच केलं असतं. कोपरा काटकोनाच्या जागेपासून नऊ सेंटिमीटर सरकलेला निघाला. नऊ सेंटिमीटर म्हणजे किरकोळ वाटेल, पण उद्या या घरावर चौकोनी मापानं पत्रा आणला तर एका टोकाला तेवढी फट राहील, आणि पासलीचा पाऊस त्या फटीतून थेट माजघरात येईल.

कॅडमध्ये वस्तू पूर्ण मापात काढतात, भिंत ६१०० म्हणजे ६१००च. ही मोठी सोय आहे. धोकाही इथेच आहे. झूम केलं की सुई आणि वासा स्क्रीनवर सारखेच दिसतात. एकानं भिंतीची जाडी ४४५ ऐवजी ४४.५ टाकली आणि तासभर काम केलं तरी त्याच्या लक्षात आलं नाही. १:५० प्रमाणात ए-३ कागदावर प्रिंट काढली तेव्हा नऊ मिलिमीटर दिसायला हवी ती भिंत एका मिलिमीटरचीही नव्हती. अक्षरांचंही तसंच. कागदावर साडेतीन मिलिमीटर उंचीची अक्षरं हवीत तर ड्रॉइंगमध्ये १७५ लिहावं लागतं. बोर्डावर प्रमाणपट्टी धरून महिने घालवलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही, थेट स्क्रीनवर आलेल्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. म्हणून मी बोर्डाच्या बाजूनं आहे. पण चूक पुसून नव्यानं मांडायची जी मुभा कॅड देतं, ती महागड्या कागदानं या मुलांना कधीच दिली नव्हती, हेही तितकंच खरं.

शेवटचं काम घरकुलाचं दिलं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे, स्वयंपाकाची जागा धरून. आजोबांचं माजघर एकटंच २६ भरतं. तेवढ्यात स्वयंपाक, निजायची जागा, भाताची कणगी आणि चार महिने ओलं न होणारं सरपण बसवताना मुलांनी किती तरी आराखडे खोडले. एकीनं पुढचा उतार लांबवून ओसरी काढली. माझ्या मते वर्गातलं सर्वांत चांगलं ड्रॉइंग तेच.

पुणे जिल्ह्यातच, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हातानं वस्तू करत शिकण्याचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांपर्यंत नेला. तो विचार वेल्हे-भोरच्या प्रत्येक शाळेला पेलण्यासारखा आहे. तीस मीटरची एक फीत, एक ओळंबा, एक गुण्या आणि चौकटीच्या वह्या, एवढंच लागतं. चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : नववीच्या मुलांकडून शाकारणीच्या आधी आपापल्या घराचा मोजून काढलेला नकाशा करून घ्या, कर्णांसकट, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.