सरकार हवा तेवढा पैसा निर्माण करू शकते काय?

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात केंद्र सरकारचे अंदाजपत्रक मांडले जाते आणि घरोघरी, दुकानांत व पेढ्यांवर एकच चर्चा सुरू होते : सरकार मिळकतीपेक्षा अधिक खर्च का करते? अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्या पेढीच्या वहीत खर्चाची बाजू जमेपेक्षा सतत वाढत जाते, ती पेढी एक दिवस बसते, हे व्यापारी कुटुंबात वाढलेल्या मुलालाही ठाऊक असते. मग सरकार का बसत नाही?

गेल्या तीस वर्षांत अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने या प्रश्नाला अनेकांना चकित करणारे उत्तर दिले आहे. त्यांच्या विचारसरणीला ‘आधुनिक चलन सिद्धान्त’ असे नाव आहे. अमेरिकेतील वॉरेन मोस्लर, रँडल रे व स्टेफनी केल्टन आणि ऑस्ट्रेलियातील बिल मिचेल हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. केल्टन यांचा ‘द डेफिसिट मिथ’ हा ग्रंथ २०२० साली प्रसिद्ध झाला. जगभरची सरकारे कोरोनाच्या संकटात तिजोऱ्या मोकळ्या करीत असतानाच तो आल्याने हा वाद विद्यापीठांच्या भिंती ओलांडून सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

सिद्धान्ताचे म्हणणे

या मंडळींच्या मते सरकारची तुलना कुटुंबाशी करणे हीच मूळ चूक होय. कुटुंबाला पैसा मिळवावा लागतो. स्वतःचे चलन असलेले सरकार तो निर्माण करते. ज्या सरकारचे कर्ज स्वतःच्याच चलनात आहे, त्याच्यावर ते फेडता न येण्याची पाळी कधीच येत नाही. सरकार आधी खर्च करते व त्यातून लोकांच्या हाती पैसा येतो. करांच्या रूपाने त्यातील काही भाग नंतर परत जातो. म्हणजे कर हे तिजोरी भरण्याचे साधन नव्हे. करांमुळे लोकांना त्या चलनाची गरज भासते आणि बाजारातील जादा क्रयशक्ती काढून घेता येते, हे त्यांचे खरे प्रयोजन.

मोस्लर यासाठी एक घरगुती उदाहरण देत. मुलांनी घरकामात मदत केल्यास त्यांना आपली व्हिजिटिंग कार्डे देण्याचे त्यांनी जाहीर केले. मुले हलली नाहीत. त्या कागदांचा त्यांना उपयोग तो काय? मग वडिलांनी नियम केला, की घरात राहायचे असेल तर दरमहा ठरावीक कार्डे मला परत द्यावी लागतील. लगेच मुले कामाला लागली. कर आकारताच कागदाला किंमत आली.

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. पैसा ही राज्यसत्तेच्या कायद्याची निर्मिती आहे, असे जर्मन विद्वान गेऑर्ग क्नाप यांनी १९०५ सालीच मांडले होते. सरकारी खर्चाची कसोटी ताळेबंदात न पाहता रोजगार व किमती यांवरील परिणामात पाहावी, हे ॲबा लर्नर यांनी १९४३ साली सांगितले. नव्या प्रवर्तकांनी हे धागे एकत्र गुंफले. ‘वाटेल तेवढ्या नोटा छापा’ असे ते म्हणत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. देशातील माणसे, जमीन, यंत्रे व कच्चा माल हीच खर्चाची खरी मर्यादा. ती ओलांडली की महागाई भडकते, हे त्यांनाही मान्य आहे.

ठक्कुर फेरू आणि तुघलक

चलनाला मूल्य कोठून येते, हा प्रश्न आपल्या देशाला जुना आहे. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीच्या टांकसाळीशी निगडित असलेले जैन विद्वान ठक्कुर फेरू यांनी १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांचे वजन, त्यांतील सोन्याचांदीचे प्रमाण व त्यानुसार त्यांचे मोल त्यांनी त्यात नोंदवले. या ग्रंथाच्या दृष्टीने नाण्याची किंमत त्यातील धातूवर ठरते.

त्यानंतर सुमारे बारा वर्षांतच मुहम्मद तुघलकाने नेमके उलट पाऊल टाकले. राजधानी देवगिरीस हलवून तिला दौलताबाद हे नाव देणाऱ्या या सुलतानाने तांब्या-पितळेची नाणी पाडली आणि ती चांदीच्या टंक्याच्या बरोबरीने स्वीकारावीत, असे फर्मान काढले. आजची कागदी नोट पाहता या कल्पनेत मुळात काही वेडेपणा नव्हता. परंतु नकली नाणी रोखण्याची व्यवस्था त्याच्यापाशी नव्हती. समकालीन इतिहासकार बरनी सांगतो, की घरोघरी टांकसाळी उघडल्या आणि लोक तीच नाणी सरकारी देण्यात भरू लागले. अखेर सुलतानाने ही नाणी मागे घेऊन त्यांच्या बदल्यात चांदी दिली.

राजमुद्रेने धातूशिवायही पैसा चालू शकतो, पण त्याच्या संख्येवरचा ताबा सुटला की मुद्रा निष्प्रभ होते, हा या प्रकरणाचा बोध आहे. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात हेच मर्म आधुनिक भाषेत मांडले. ब्रिटिश सरकारला रुपये पाडण्याची जी मोकळीक होती, तिच्यावर त्यांचा कटाक्ष होता. रुपयाच्या निर्मितीला ठाम मर्यादा असावी, असा त्यांचा आग्रह होता. कारण रुपयाची क्रयशक्ती घटली की मजुरीवर जगणारा सर्वांत आधी होरपळतो.

आपल्याच देशातील चाळीस वर्षे

स्वतंत्र भारतानेही सरकारच्या खर्चासाठी पैसा निर्माण करून पाहिला आहे. १९५५ साली सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यात अशी व्यवस्था ठरली, की सरकारची रोख शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली की सरकारने अल्पमुदतीची ‘ॲडहॉक’ ट्रेझरी बिले रिझर्व्ह बँकेला द्यावीत आणि बँकेने तेवढी रक्कम सरकारच्या खात्यात जमा करावी. व्यापारी भाषेत सांगायचे तर मुदत भरताच नवी हुंडी लिहून जुनी फेडावी, असा हा क्रम. तात्पुरती सोय म्हणून आलेली ही पद्धत कायमची होऊन बसली. १९७४ पासून या बिलांचा व्याजदर ४.६ टक्क्यांवर स्थिर होता. मग सरकारला हात आखडता घेण्याचे कारणच उरले नाही.

त्याची किंमत लोकांनी निराळ्या मार्गाने मोजली. निर्माण झालेला पैसा बाजारात पसरू नये म्हणून बँकांवर बंधने वाढत गेली. १९९०च्या सुमारास बँकांना ठेवींच्या १५ टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेत रोख ठेवावी लागे व ३८.५ टक्के रक्कम सरकारी रोख्यांत व तत्सम मालमत्तेत गुंतवावी लागे. म्हणजे ठेवीदाराच्या शंभर रुपयांपैकी निम्म्याहून कमी रक्कम शेती, उद्योग व व्यापाराच्या वाट्याला येई. १९९१च्या आर्थिक संकटात महागाईही दोन अंकी झाली होती. अखेर सप्टेंबर १९९४च्या करारानुसार ही बिले टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली व एप्रिल १९९७ पासून ती बंद झाली. डॉ. सी. रंगराजन त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. पुढे २००३च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने, अपवादात्मक परिस्थिती वगळता, रिझर्व्ह बँकेने सरकारकडून थेट रोखे घेण्यावर बंदी घातली.

कोरोनाच्या वर्षी सरकारची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९ टक्क्यांवर गेली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनेच सरकारला थेट पैसा द्यावा, ही मागणी पुन्हा पुढे आली. ते दार उघडले गेले नाही. मात्र बँकेने बाजारातून मोठ्या प्रमाणावर सरकारी रोखे विकत घेतले.

जपान आणि श्रीलंका

या सिद्धान्ताचे समर्थक जपानकडे बोट दाखवतात. तेथील सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक असून त्याचा फार मोठा भाग मध्यवर्ती बँकेने घेतला आहे. तरीही दोन दशके तेथे भाववाढ जवळजवळ नव्हती. परंतु जपानचे कर्ज येनमध्ये आहे आणि त्याच्या कारखान्यांचा माल जगभर खपतो.

श्रीलंकेची स्थिती वेगळी होती. २०१९च्या अखेरीस तेथे करांत मोठी कपात झाली, पुढे पर्यटन थांबले आणि मध्यवर्ती बँक सरकारसाठी पैसा निर्माण करीत राहिली. रुपये छापता आले, पण इंधन, औषधे व परदेशी कर्जाचे हप्ते यांसाठी डॉलर लागत होते. ते छापता येत नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवली आणि सप्टेंबरमध्ये कोलंबोतील महागाई ७० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. भारतही कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो. हा धडा आपल्यालाही लागू आहे.

रोजगार हमीचा दाखला

तरीही या सिद्धान्तातील एक विचार सहजी झटकून टाकता येणार नाही. काम करू इच्छिणारे हात रिकामे राहणे ही राष्ट्राची सर्वांत मोठी उधळपट्टी होय; म्हणून मागेल त्याला ठरावीक वेतनावर काम देण्याची हमी सरकारने घ्यावी, असे त्याचे प्रवर्तक सुचवतात. महाराष्ट्राला ही कल्पना अपरिचित नाही. वि. स. पागे यांच्या प्रेरणेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२च्या दुष्काळात लाखो कुटुंबांचा आधार ठरली; पुढे तिला कायद्याचे रूप मिळाले.

या योजनेचा पैसा कोठून आला, हे मुद्दाम ध्यानात घेण्याजोगे आहे. राज्य सरकारला चलन निर्माण करता येत नाही. म्हणून १९७५ साली व्यवसाय कर लावण्यात आला. नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून गोळा झालेल्या रकमेत राज्याने आपला वाटा घातला आणि त्यातून दुष्काळी भागातील मजुरांना काम मिळाले. ज्याने दिले त्याला आपण काय देतो हे दिसत होते, आणि हिशेब विधिमंडळात मागता येत होता.

नोटा निर्माण करून केलेल्या खर्चाचा भारही कोणीतरी उचलतच असतो. फक्त तो पावतीवर दिसत नाही. महागाई ७ टक्के राहिली, तर दहा वर्षांत रुपयाची क्रयशक्ती निम्मी होते. जमीनजुमला व सोने बाळगणारा त्यातून तरून जातो. निवृत्तिवेतनावर जगणारे आजोबा, मुलीच्या शिक्षणासाठी मुदतठेव ठेवणारी आई आणि ज्याची मजुरी भावांच्या मागे फरपटत जाते तो कामगार, यांच्याकडून मात्र तो कर न विचारता वसूल होतो. महागाई दिसू लागताच सरकारने कर वाढवावेत, असे सिद्धान्त सांगतो. परंतु निवडणुकीच्या तोंडावर कर वाढवणारे सरकार विरळाच.

स्वतःच्या चलनाचा स्वामी असलेले सरकार कुटुंबासारखे नसते, हे आधुनिक चलन सिद्धान्ताचे म्हणणे मान्य करूनही त्याच्या हाती लगामाशिवाय टांकसाळ देणे योग्य ठरत नाही. रिकाम्या हातांना काम देणारा व उत्पादन वाढवणारा खर्च मंदीच्या काळात तूट सोसूनही करावा. पण त्याची मर्यादा कायद्याने ठरलेली असावी आणि भार कोणावर पडणार हे संसदेत उघड सांगितले जावे. अंदाजपत्रकातील तुटीचा आकडा पाहताना आपण हेच विचारले पाहिजे, की या पैशातून नवे काय उभे राहणार आहे आणि त्याची किंमत कोणाच्या पुंजीतून वळती होणार आहे.