आईच्या नावावर कापलेला कर

आयकराचा विषय घरात निघतो तो कमावत्या माणसापुरता. त्याचा फॉर्म १६, त्याचं रिटर्न, जुलैमधली त्याची धावपळ. आई, आजोबा, काकू यांच्याबद्दल ‘त्यांना कुठला आलाय कर!’ असं म्हटलं की विषय संपतो. पण कर लागत नसला तरी तो कापला जातोच, आणि मागितल्याशिवाय परत मिळत नाही. अनेक घरांत हे पैसे कुणी मागतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

समजा, सदुसष्ट वर्षांच्या आईला महिन्याला २८ हजार कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. म्हणजे वर्षाचे ३ लाख ३६ हजार. एका बँकेतल्या मुदतठेवींचं व्याज १ लाख ८० हजार. ज्येष्ठ नागरिकांचं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की बँक १० टक्के कापते (ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची; साठीच्या आतल्यांना ती ५० हजार आहे). म्हणजे १८ हजार गेले. आता हिशेब पाहा. नव्या करप्रणालीत कुटुंब निवृत्तिवेतनातून २५ हजारांची वजावट मिळते. उरलेलं उत्पन्न ४ लाख ९१ हजार. ४ लाखांपर्यंत कर नाही, वरच्या ९१ हजारांवर ५ टक्क्यांनी ४,५५० रुपये होतात आणि कलम ८७ए च्या सवलतीत तेही माफ. कर शून्य. कापलेले १८ हजार सगळे आईचे, पण रिटर्न भरलं तरच.

म्हणून पासबुकाच्याही आधी तिच्या पॅनवर आयकराच्या पोर्टलवर जावं, फॉर्म २६एएस आणि एआयएस उघडावं. कुणी किती कापलं ते तिथे दिसतं. कापलेली रक्कम दिसत नसेल तर बँकेत पॅन चुकलं असण्याची शक्यता आहे. पॅनच दिलेलं नसेल तर कपात २० टक्के होते. रिफंड ज्या खात्यात हवा, ते खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करून ठेवावं, आणि रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं. ही शेवटची पायरी ज्यांची राहते, त्यांचं रिटर्न वेळेत भरूनही वेळेत धरलं जात नाही.

कापूच द्यायचं नसेल तर एप्रिलमध्येच बँकेला कर लागत नसल्याचं घोषणापत्र द्यावं (२०२५-२६ पर्यंत ज्येष्ठांसाठी फॉर्म १५एच, साठीच्या आतल्यांसाठी १५जी). ते दरवर्षी आणि प्रत्येक बँकेत वेगळं द्यावं लागतं. मात्र साठीच्या आतल्यांचं एकूण व्याज त्यासाठी करमुक्त मर्यादेच्या आतच असावं लागतं. खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे.

ठेव ज्याच्या नावावर, त्याचंच व्याज, असं नेहमी नसतं. नवऱ्याने स्वतःच्या पैशांची ठेव बायकोच्या नावावर केली तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. अल्पवयीन मुलांच्या ठेवींचं व्याजही आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्याकडे जातं. आईवडिलांना दिलेल्या पैशांना हा नियम लागू नाही. ती भेट करमुक्त आणि त्यावरचं व्याज त्यांचं.

नवी करप्रणाली की जुनी, हा प्रश्न कमावत्यांचा. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत, पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. शेअर विकून झालेल्या नफ्याला मात्र ही सवलत नाही. घरभाडं, गृहकर्जाचं २ लाखांपर्यंतचं व्याज आणि ८०सी चे दीड लाख हे सगळं ज्यांच्याकडे आहे, त्यांनी जुनी प्रणालीही मोजून पाहावी. तिच्यात ज्येष्ठ आईवडिलांच्या आरोग्यविम्याचे ५० हजारांपर्यंत वजा होतात. विमा नसेल तर औषधोपचाराचा खर्चही चालतो, पण तो रोखीने केलेला नको. हा खर्च त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत झालेला हवा. जुनी प्रणाली निवडायची तर रिटर्न मुदतीतच भरलं पाहिजे. उशीर झाला की पगारदारांनाही नवीच लागू होते.

आणखी एक गोष्ट दुःखाच्या दिवसांत मागे पडते. वडील गेल्यावर त्यांच्या निधनापर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न वारसाने भरायचं असतं. मृत्यूचा दाखला, दोघांची पॅन आणि वारस असल्याचा पुरावा देऊन पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी होते. संयुक्त ठेवीत वडिलांचं नाव पहिलं असेल तर बँकेला कळवेपर्यंत कपात त्यांच्याच पॅनवर होत राहते, आणि आईच्या हक्काचा कर तिच्या २६एएसमध्ये दिसतच नाही. तेव्हा ठेवीवरचं नाव बदलण्याचा बँकेतला अर्ज लवकर करावा आणि आईला सोबत नेऊन तिच्या सहीने करावा.