तिळगूळ कुणाकुणाला?

थंडी पडली, की आपल्याकडे साजऱ्या करायच्या दिवसांची रीघ लागते. ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाई फुल्यांची जयंती, १२ तारखेला जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद. मग भोगी, संक्रांत, किंक्रांत आणि रथसप्तमीपर्यंत चालणारी हळदीकुंकवे. महिना संपता संपता ३० जानेवारीचा हुतात्मा दिन. यांतले काही दिवस पंचांगातले, काही सरकारी परिपत्रकातले. आज त्यांपैकी दोनच घेऊ : संक्रांत आणि तीस जानेवारी. दोहोंचा संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. तो पुढे आपोआप कळेल.

मुले वर्गात एक प्रश्न हमखास विचारतात. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. मग संक्रांतच तेवढी ठरलेल्या तारखेला कशी? याचे उत्तर सोपे आहे. आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. ही तूट अधिक महिना घालून भरून काढतात. त्यामुळे तारखा मागेपुढे होतात. संक्रांत मात्र सूर्याची. सूर्य मकर राशीत शिरला, की संक्रांत. इंग्रजी कॅलेंडरही सूर्याचेच, म्हणून दोघांचा मेळ बसतो.

पण हा मेळ अगदी पक्का नाही बरे! विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ तारखेला येते. असे का? भोवरा फिरता फिरता डुलतो, तशी पृथ्वीही आपल्या आसावर फिरताना सावकाश डुलते. एक डुलणे पुरे व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना धरून चालते, संक्रांत ताऱ्यांना धरून. म्हणून साधारण ७२ वर्षांत दोघांत एका दिवसाचे अंतर पडते. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, असे आपण सर्रास म्हणतो. ती झाली १४ जानेवारी १७६१ ला हे खरे. पण त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

मग सूर्य उत्तरेकडे वळतो तो नेमका केव्हा? २१ किंवा २२ डिसेंबरला. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे वळणे आणि मकर संक्रांत एकाच सुमारास येत. पुढे दोघांची फारकत होत गेली. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने जे राष्ट्रीय सौर पंचांग सुरू केले, त्यात पौष महिना २२ डिसेंबरलाच लागतो. आकाशवाणीवर भारतीय सौर दिनांक तुम्ही ऐकला असेल, तो याच पंचांगाचा.

गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. हे फळ्यावर सांगण्यापेक्षा अंगणात दाखवा. एक मीटरची काठी सरळ उभी करा. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान तिची सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहून खूण करा. पुण्याच्या आसपास २२ डिसेंबरला ती सुमारे ९० सेंटिमीटर भरेल, संक्रांतीला ८४ आणि ३० जानेवारीला ७३. सूर्य परतला हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

आता ताटाकडे वळू. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि वांगी, गाजर, पावटे, ओला हरभरा यांची मिसळीची भाजी. यांत बाहेरून आणलेले काय आहे? शिवारात त्या घडीला जे पिकते तेच ताटात येते. तिळात जवळजवळ निम्मा स्निग्धांश असतो. थंडीत अंगाला तो हवाच. सुगडातही ऊस, बोरे, हरभरा, गव्हाच्या ओंब्या. शेतकऱ्याने नव्या पिकाला केलेला हा रामराम आहे.

आणि तिळगूळ देताना आपण गोड बोलायला सांगतो. पण कुणाला? दारात येईल त्याला. अन् ज्यांना आपण दारात येऊच देत नाही त्यांचे काय?

हळदीकुंकवाचेच बघा. नवरा गेलेली बाई त्या दिवशी आतल्या खोलीत बसते. वाण लुटायला हिचेच हात राबलेले असतात, पण कुंकवाचे बोट तिच्यापर्यंत जात नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव कागदावर राहतो. तो घरात आणायचा तर संक्रांतीसारखा दिवस नाही.

दुसरे दाराबाहेरचे माणूस म्हणजे कुष्ठरोगी. ३० जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणूनही पाळतात. कारण उघड आहे. परचुरेशास्त्री नावाच्या संस्कृत पंडितांना हा रोग झाला, तेव्हा गांधीजींनी त्यांना सेवाग्रामात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम उघडले ते याच परिसरात.

हा रोग पापाने होत नाही, शापाने होत नाही. तो एका जंतूने होतो आणि तो जंतू हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरांनी १८७३ मध्येच शोधून काढला. बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. हात मिळवल्याने किंवा पंगतीला बसल्याने तो होत नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर नेमाने घेतले की रोग बरा होतो, आणि औषध सुरू झाले की लवकरच दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. उशीर केला तर मात्र नसा निकामी होऊन बोटे वाकडी होतात. ते नुकसान औषधाने भरून येत नाही. चट्टा दुखत नाही, म्हणून माणूस गप्प बसतो. आणि लोक काय म्हणतील या धास्तीने तो लपवतो. औषध गावात असून बोटे जातात ती या लपवण्याने. चट्टा लपवायला लावते ते आपलेच कडू बोलणे.

तेव्हा यंदा एवढे करा. संक्रांतीला आतल्या खोलीतल्या बाईला बाहेर बोलवा आणि पहिले वाण तिच्या हाती द्या. तीस तारखेला घरातल्या मुलामाणसांचे हातपाय, पाठ उजेडात नीट न्याहाळा. आणि गावात कुणी या दुखण्यातून बरे होऊन आले असेल, तर तिळगूळ घेऊन आपण होऊन त्याच्या घरी जा.