डिस्क-समूहाचा कारभारी

अनेक डिस्कांची मोट बांधून ती सर्व्हरपुढे एकच मोठी डिस्क म्हणून रुजू करणारा कंट्रोलर नावाचा जो कारभारी असतो, त्याच्याविषयी रूढ झालेल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ एकाच वाक्यात सापडते: ‘आमच्याकडे रेड आहे, तेव्हा माहितीची चिंता नाही.’ हे वाक्य उच्चारणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, त्याने त्यापायी पैसाही खर्च केलेला असतो. परंतु ज्या व्यवस्थेवर तो विसंबलेला असतो, तिने असे अभय कधी दिलेलेच नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 1988 साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त, लहान डिस्का वापराव्यात असे प्रतिपादन होते. आणि डिस्कांची संख्या वाढली की त्यांतील एखादी बिघडण्याचा संभवही त्या प्रमाणात वाढणारच, या स्वाभाविक आक्षेपाचे निरसन करण्यासाठी जादा डिस्कांची तरतूद सुचविली होती; हीच रेड. रेडचे वचन एवढेच आहे की, एखादी डिस्क निकामी झाली तरी चालू काम अडणार नाही. लेखनिकाच्या हातून चुकून पुसले गेलेले खाते, खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केलेले दप्तर, इमारतीला लागलेली आग, यांविषयी त्या वचनात एक अक्षरही नाही. किंबहुना पुसून टाकण्याचा हुकूम आला तर हा कारभारी तो सर्व प्रतींवर सारख्याच तत्परतेने बजावतो. बॅकअपची तजवीज म्हणूनच वेगळी करावी लागते, आणि तीही अन्य जागी. रेड 0 या प्रकाराला तर ‘रेड’ म्हणणेसुद्धा दिशाभूल करणारे आहे. मूळ निबंधातील पाच प्रकारांत तो नव्हताच, कारण त्यात जादा प्रत मुळीच नसते, आणि एक डिस्क गेली की सारे गेले.

आता रेड 5 कडे वळू. लोकांना तो प्रिय आहे, कारण त्यात एकाच डिस्कइतकी जागा राखून ठेवून बाकी सर्व जागा वापरता येते. त्याचे गणित सोपे आणि सुंदर आहे: तीन डिस्कांवर अनुक्रमे 1, 0, 1 असे अंक असतील, तर चौथीवर असा अंक लिहावयाचा की सर्वांची बेरीज सम व्हावी, म्हणजे येथे 0. मधली डिस्क नष्ट झाली, तर उरलेल्या 1, 1, 0 यांची बेरीज आधीच सम असल्यामुळे हरवलेला अंक 0 होता हे निश्चित सांगता येते. या चौथ्या अंकाला पॅरिटी म्हणतात. परंतु जितक्या डिस्का अधिक तितके लेखन जलद, हा जो समज आहे, तो येथे टिकत नाही. कारण एक लहानशी नोंद बदलावयाची तर जुनी नोंद वाचणे, जुनी पॅरिटी वाचणे, नवी नोंद लिहिणे आणि नवी पॅरिटी लिहिणे, अशी चार कामे करावी लागतात, आणि रेड 6 मध्ये पॅरिटी दुहेरी असल्याने सहा. बँकेच्या खातेवहीसारख्या, क्षणोक्षणी लहान नोंदी बदलणाऱ्या कामाला म्हणून रेड 10, म्हणजे जोडीजोडीने प्रती ठेवण्याची रीत, अधिक मानवते. जागा निम्मी जाते, पण त्या किमतीचा मोबदला मिळतो.

या मंद लेखनावर कंट्रोलरजवळ जो उपाय असतो, तोच सर्वांत अधिक चुकीचा समजला गेला आहे. कंट्रोलरच्या अंगी स्वतःची स्मृती असते, तिला कॅश म्हणतात; राइट-बॅक पद्धत निवडली असेल, तर मजकूर कॅशमध्ये पोचताच कंट्रोलर सर्व्हरला ‘लिहिले’ अशी पोच देतो आणि डिस्कवर प्रत्यक्ष लिहिण्याचे काम सवडीने उरकतो. राइट-थ्रू पद्धतीत डिस्कवर उमटल्याशिवाय पोच मिळत नाही. पहिली जलद आहे, दुसरी संथ. आणि या दोहोंमधील अंतर इतके ठळक असते की, गतीच्या मोहाने पुष्कळ जण पहिलीच निवडतात. पण पोच दिल्यानंतर आणि डिस्कवर उमटण्यापूर्वी वीज गेली, तर सर्व्हरच्या लेखी जी नोंद झालेली आहे ती वस्तुतः कोठेच नसते. तो मजकूर जपण्यासाठी कंट्रोलरवर बॅटरी बसविलेली असते, किंवा अलीकडच्या बनावटीत वीज जाताच कॅशमधील मजकूर फ्लॅश स्मृतीत उतरवून ठेवण्यापुरती शक्ती साठविणारा कपॅसिटर असतो. बॅटरी जीर्ण झाली की शहाणा कंट्रोलर आपण होऊन राइट-थ्रूवर येतो. मग सर्व्हर संथ झाल्याची ओरड होते, आणि कोणीतरी ‘बॅटरी असो वा नसो, राइट-बॅकच वापर’ अशी सक्तीची सूचना देऊन ती ओरड शांत करतो. कारभाऱ्याला खोटी पोच देण्याचे फर्मान काढणे ते हेच, आणि या एका कृतीइतके घातक दुसरे काही मला दिसत नाही. नवी बॅटरी मागवून ती येईपर्यंत संथपणा सोसणे हाच त्यावर खरा इलाज आहे.

‘आमच्याकडे यूपीएस आहे’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. भारनियमनाच्या काळात यूपीएसने आपल्या कचेऱ्यांना तारले, हे कोण नाकारील? पण सर्व्हरच्या आतील पॉवर सप्लाय जळाला, किंवा झाडलोट करताना कोणाच्या हातून वायर निसटली, तर यूपीएस काय करणार? शिवाय प्रत्येक डिस्कला स्वतःचीही एक छोटी कॅश असते. तिला कंट्रोलरच्या बॅटरीचे संरक्षण नसते, म्हणून कंट्रोलरच्या मांडणीत ती बंद ठेवावी लागते. या बाबीकडे दुर्लक्ष झाले, की उत्तम बॅटरीही निरुपयोगी ठरते. आणि रेड 5 मध्ये नोंद लिहिली गेली पण पॅरिटी लिहावयाची राहिली, अशा नेमक्या क्षणी वीज गेली, तर दोहोंचा मेळ तुटतो. पुढे महिन्यांनी एखादी डिस्क निकामी झाली, की त्या चुकीच्या पॅरिटीवरून चुकीचा मजकूर निर्माण होतो, आणि तो अशा नोंदीचाही असू शकतो जिला त्या दिवशी कोणी हातही लावलेला नव्हता.

एक डिस्क गेली तर नवी बसवावी आणि निश्चिंत व्हावे, हाही समज तपासून पाहण्यासारखा आहे. 12 टेराबाइटची डिस्क सेकंदाला 200 मेगाबाइटच्या अखंड वेगाने भरली, तरी 60,000 सेकंद, म्हणजे साडेसोळा तासांहून अधिक काळ लागतो. आणि सर्व्हरचे नित्याचे काम चालू असताना तो वेग कधीच मिळत नाही. या काळात उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कण न् कण वाचावा लागतो. पुष्कळशा सामान्य डिस्कांच्या पत्रकात 10चा 14वा घात इतक्या बिटांमागे फार तर एक वाचनदोष असे प्रमाण लिहिलेले असते. त्याचा अर्थ साडेबारा टेराबाइटमागे एक. प्रत्यक्षात डिस्का बहुधा याहून चांगल्या निघतात. पण 4 टेराबाइटच्या आठ डिस्कांच्या रेड 5 मध्ये पुनर्बांधणीसाठी 28 टेराबाइट वाचावे लागतात, हे लक्षात घेता त्या पत्रकावर भिस्त ठेवणारा मनुष्य पैज हरण्याच्या बाजूनेच लावतो. मोठ्या डिस्कांना रेड 6 किंवा रेड 10 योग्य, ते यासाठी. कंट्रोलरमधील पेट्रोल रीड, म्हणजे फावल्या वेळी साऱ्या डिस्का वाचून दोष आधीच हुडकण्याची गस्त, ही याच कारणाने चालू असली पाहिजे. ती कामाला अडथळा करते म्हणून बंद करणारे पुष्कळ आहेत.

एकाच वेळी दोन डिस्का जाणे हा केवळ दुर्दैवाचा खेळ, असेही मानले जाते. याच गार्थ गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्यासह 2007 साली सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला 2 ते 4 टक्के डिस्का बदलाव्या लागणे ही नित्याची गोष्ट असल्याचे दिसले. निर्मात्यांच्या पत्रकांवरून हा आकडा 1 टक्क्याच्या आतच यावयास हवा होता. शिवाय बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, असेही आढळले. आपल्याकडे एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी बसविलेल्या, एकाच उष्ण खोलीत सारखेच काम करणाऱ्या डिस्का एका समूहात असतात, हे पाहिले म्हणजे त्यात नवल वाटत नाही.

घरगुती संगणकाची डिस्क स्वस्त मिळते म्हणून ती समूहात घालण्याचा मोह होतो. ती खराब जागा वाचण्यासाठी पुष्कळ वेळ झगडत राहते, कंट्रोलर तेवढा वेळ थांबत नाही, आणि धडधाकट डिस्कही बाद ठरते. सर्व्हरसाठी बनविलेली डिस्क साधारण 7 सेकंदांत हार मानून कंट्रोलरला तसे कळविते, आणि तो उरलेल्या डिस्कांवरून तो मजकूर भरून काढतो.

शेवटचा प्रसंग कंट्रोलरच जळण्याचा. त्याबरोबर सारी माहिती बुडाली, असे समजून हातपाय गाळणारे लोक असतात. वस्तुतः समूहाची मांडणी बहुतेक कंट्रोलर प्रत्येक डिस्कवरही लिहून ठेवतात, आणि त्याच घराण्याचा नवा कंट्रोलर बसविला की तो ‘फॉरिन कॉन्फिगरेशन सापडले’ असे सांगून इम्पोर्ट करावे की क्लिअर करावे, असे विचारतो. ‘फॉरिन’ या शब्दाने बिचकून क्लिअर निवडणे म्हणजे समूहाचा दाखलाच फाडून टाकणे होय. इम्पोर्ट करावे, मात्र आठवड्यापूर्वी समूहातून बाद झालेली डिस्क सक्तीने पुन्हा ऑनलाइन करू नये, कारण तिच्यावर आठवड्यापूर्वीचे जग असते आणि ती आजच्या जगात मिसळली, की दोन्हींचा चुराडा होतो. कोणत्या खणात कोणत्या क्रमांकाची डिस्क आहे, कोणती कोणत्या तारखेला बाद झाली, कॅशची पद्धत कोणती ठेवली आहे आणि बॅटरी केव्हा बदलली, ही नोंद सर्व्हरच्या बाहेर, साध्या कागदी वहीत असावी.