देहाकडून आत्म्याकडे : वऱ्हाडातील आत्मविद्येची वाट

यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या सडकेवर, चक्रावती नदीच्या काठी, कळंब हा तालुक्याचा गाव आहे. 'ऐने-अकबरी' या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचा जो तपशील नमूद आहे, त्यात कळंबची नोंद एका सरकारचे ठिकाण म्हणून सापडते आणि आज जिल्ह्याचे मुख्य ठाणे असलेले यवतमाळ त्यात 'योत-लोहारा' या परगण्याच्या नावात दडलेले दिसते. ती सुभेदारी गेली, ते परगणेही गेले. परंतु ज्या चिंतामणीच्या देवस्थानामुळे कळंबचे नाव विदर्भातील अष्टविनायकांत घेतले जाते, त्याची वहिवाट अखंड चालू आहे. हे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून भाविकाला पायऱ्या उतरून देवापाशी जावे लागते, आणि मंदिरापुढील कुंडात दर बारा वर्षांनी गंगा प्रकट होते अशी या परिसरातील लोकांची श्रद्धा आहे.

या स्थानाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. अहल्येविषयी मनात अभिलाष धरल्यामुळे इंद्राला गौतम ऋषींचा शाप झाला, त्याच्या सर्वांगावर त्या पापाची चिन्हे उमटली, आणि स्वर्गाचे आधिपत्य सोडून त्याला पृथ्वीवर, कदंबवृक्षाच्या छायेत, गणेशाचे अनुष्ठान करावे लागले. अंकुशाने भूमी खणून त्याने जे जल काढले तेच हे कुंड, असे सांगतात. पुराणकथेचा इतिहास म्हणून शोध घेण्याचे येथे प्रयोजन नाही. पण तिच्यातील क्रम मात्र मननीय आहे. विकार उत्पन्न झाला तो मनात, त्याची शिक्षा भोगली ती देहाने, आणि दोहोंना मुक्ती मिळाली ती ज्या उपासनेने, तिचे लक्ष्य देह आणि मन यांच्या पलीकडचे होते. देह, मन आणि आत्मा यांचा जो संबंध दर्शनकारांनी सूत्रे आणि भाष्ये रचून विशद केला, तोच या कथेने अक्षरओळख नसलेल्या रयतेपर्यंत पोहोचवला आहे. ज्या गणपती अथर्वशीर्षाची आवर्तने घरोघरी होतात, त्यातही हे दैवत तीनही देहांच्या अतीत असल्याचे आणि तरीही मूलाधारात नित्य वसत असल्याचे म्हटले आहे. म्हणजे जे तत्त्व देहाच्या पलीकडे आहे त्याचा ठाव देहातच घ्यावयाचा, हा आत्मविद्येचा मूळ सिद्धांत तेथे सांगितलेला आहे.

हे तीन देह कोणते? अन्नावर पोसणारा आणि दृष्टीला दिसणारा तो स्थूल देह. प्राण, इंद्रियशक्ती, मन आणि बुद्धी यांचा मिळून झालेला तो सूक्ष्म किंवा लिंगदेह. आणि गाढ निद्रेत जे अज्ञानरूप बीज शिल्लक उरते तो कारणदेह. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्था अनुक्रमे या तीन देहांच्या मानल्या जातात. तैत्तिरीय उपनिषदाने हीच मांडणी अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय अशा पाच कोशांच्या रूपाने केली. कठोपनिषदाने देहाला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम, बुद्धीला सारथी आणि आत्म्याला रथस्वामी मानले. या रूपकात मनाची जागा नीट पाहिली पाहिजे. लगाम घोड्यालाही जोडलेला असतो आणि सारथ्याच्या हातातही असतो. त्याचप्रमाणे मन एका अंगाने देहाला बांधलेले असते आणि दुसऱ्या अंगाने विवेकाच्या स्वाधीन होऊ शकते. आत्मज्ञानाचा सारा व्यवहार या मधल्या स्थानी चालतो, म्हणून मराठी संतांनी देहापेक्षाही मनाची अधिक समजूत घातली आणि मनालाच अधिक वेळा दटावले.

या विद्येला गुह्य अथवा गूढ म्हणण्याची प्रथा आहे, आणि तिचा अर्थ पुष्कळदा विपरीत घेतला जातो. एखादे दप्तर कुलुपात ठेवावे तसे हे ज्ञान कोणी दडवून ठेवले, अशी समजूत असते. वस्तुतः पाहणारा स्वतःच पाहण्याचा विषय असल्यामुळे हे ज्ञान गूढ आहे. दुसऱ्याने सांगितलेल्या वर्णनाने ते अंगी येत नाही, अभ्यासानेच येते, आणि त्या अभ्यासासाठी अधिकार, म्हणजे चित्ताची सिद्धता, लागते. वर्णन मात्र मराठीत आठ शतकांपूर्वीच खुले झाले. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ च्या सुमारास, 'विवेकसिंधु' रचला. तो अंबाजोगाईस रचला की वैनगंगेकाठच्या आंभोऱ्यास, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु स्थूल, सूक्ष्म, कारण आणि त्यांपलीकडचा चौथा महाकारण या देहांचा विचार त्या ग्रंथाने मराठी वाचकाच्या पदरात टाकला, याविषयी मतभेद नाही. पुढे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सहाव्या अध्यायावरील विवरणात, नाथपंथात गुरुमुखातून चालत आलेला कुंडलिनीचा मार्ग ओवीत आणला आणि देह हाच योगाचा प्रयोगविषय कसा होतो ते सांगितले. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पहिल्याच दशकात नरदेहाची स्तुती केली, कारण परमार्थ साधावयाचा तो याच देहाच्या आश्रयाने. आणि त्याच ग्रंथात पुढे अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार यांची वेगवेगळी लक्षणे सांगून, पिंडातील चार आणि ब्रह्मांडातील चार अशा आठ देहांचे निरसन कसे करावे याची रीत दाखवली. देहाची स्तुती आणि देहाचे निरसन या दोन गोष्टी एकाच ग्रंथात नांदतात, यात विसंगती नाही. ज्या साधनाने पैलतीर गाठावयाचा त्याची निगा राखली पाहिजे आणि त्यालाच आपण समजण्याची चूकही टाळली पाहिजे, एवढाच त्याचा आशय आहे.

आत्म्याचे परमेश्वराशी नाते काय, या प्रश्नाला सर्वांनी एकच उत्तर दिले असे मात्र नव्हे. विदर्भाच्या भूमीत रुजलेल्या महानुभाव पंथाचे तत्त्वज्ञान जीव आणि ब्रह्म एकच मानणारे अद्वैत मान्य करीत नाही. श्रीचक्रधरस्वामींच्या निरूपणाप्रमाणे जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांहून भिन्न आहेत. जीव हा अविद्येने बद्ध असला तरी मोक्षास पात्र आहे, पण मुक्त झाल्यावरही तो परमेश्वर होत नाही, परमेश्वराचा आनंद मात्र भोगतो. पैनगंगेच्या पलीकडे नांदेड जिल्ह्यात असलेल्या माहूरगडावर, जेथे पुसद, उमरखेड, महागाव आणि आर्णी या बाजूंचे लोक पिढ्यान्‌पिढ्या दर्शनाला जात आले आहेत, दत्तात्रेयाला अद्वैती अवधूत म्हणून भजणारा भाविक आणि त्यालाच परमेश्वराच्या पाच अवतारांपैकी, म्हणजे पंचकृष्णांपैकी, एक मानणारा महानुभाव हे एकाच डोंगराची वाट चढतात. आत्मा आणि परमात्मा यांच्या नात्याविषयी इतके मूलगामी मतभेद असूनही देह म्हणजे 'मी' नव्हे, एवढ्यावर दोघांचेही एकमत आहे.

याच मुलखात आर्णी येथे बाबा कंबलपोष यांचा दर्गा आहे आणि तेथील उरुसाला हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांचे लोक जातात. सूफी साधनेत नफ्स, दिल आणि रूह अशी जी पायरी सांगितली जाते, तीत वासनांकडे ओढणारा नफ्स काबूत आणावयाचा, दिल निर्मळ करावयाचे आणि रूहला तिच्या मूळ स्थानाची ओळख पटवावयाची, असा क्रम आहे. ही परिभाषा वेगळी आहे आणि तिच्यामागील धर्मश्रद्धाही वेगळी आहे. परंतु तिचे मराठी आत्मविचाराशी किती सख्य जमू शकले याचा दाखला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात लिहिलेल्या 'योगसंग्राम' या मराठी ग्रंथाने दिला आहे. जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागांतील गोंड समाजाचा विचार तर आणखी निराळा. मृत व्यक्तीचा जीव कुळाच्या पेनात, म्हणजे कुलदैवतात, विधीपूर्वक मिळवला जातो. आत्मा ही तेथे एकट्याची मिळकत नसून पूर्वजांच्या समुदायात सामील होणारी वस्तू आहे. स्वतःला ओळखणे म्हणजे आपल्या कुळाला आणि वनभूमीला ओळखणे, असा अर्थ त्यातून निघतो, आणि केवळ ग्रंथांवर पोसलेल्या आत्मविचाराला त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

देह, मन आणि आत्मा यांची परस्परांहून भिन्नता ज्यांच्या चरित्रात प्रत्यक्ष दिसते असे सत्पुरुष शेजारच्या अमरावती जिल्ह्याने दिले. गुलाबराव महाराजांचा जन्म १८८१ साली झाला. वयाच्या नवव्या महिन्याच्या सुमारास त्यांची दृष्टी गेली, आणि १९१५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी शेकड्याहून अधिक लहानमोठ्या रचना लिहून घेतल्या, मधुराद्वैताचा सिद्धांत मांडला आणि पाश्चात्त्य उत्क्रांतिवादाचीही झडती घेतली. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानीत, त्या भावाने कुंकू आणि मंगळसूत्र धारण करीत. नेत्र नसलेला देह, पुरुषाचा आकार, स्त्रीचा भाव आणि या सर्वांच्या साक्षीने चाललेले अद्वैतचिंतन ही चार सूत्रे एका व्यक्तीत एकत्र आलेली पाहिली, म्हणजे देहाची घडण ही मनाची मर्यादा नव्हे आणि मनाचा भाव हीही आत्म्याची मर्यादा नव्हे, हे वेदांताचे प्रतिपादन समजण्यास फारसे भाष्य लागत नाही.

सामान्य वाचकाला या विचाराची प्रचीती कशी घ्यावी? शास्त्रकारांनी सांगितलेली एक वाट सोपी आहे. गाढ झोपेतून उठलेला मनुष्य 'सुखाने झोपलो, मला काही कळले नाही' असे सांगतो. त्या वेळी देहाची जाणीव नव्हती, मनाचे व्यापारही थांबलेले होते. मग ते सुख आणि ते न कळणे कोणाच्या अनुभवास आले? जो या तिन्ही अवस्थांत बदलला नाही, तोच साक्षी. दिवसातून काही काळ स्थिर बसून देहातील वेदना, मनातील राग, बुद्धीचा निश्चय यांना 'हे मला दिसत आहेत, म्हणून मी यांहून वेगळा आहे' असे पाहत जाणे, हा त्या साक्षीच्या परिचयाचा प्रारंभ होय. याने राग तत्काळ नाहीसा होत नाही. पण रागाचा हुकूम बजावण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची ताकद येते, आणि नीतीच्या दृष्टीने तो क्षण अनमोल असतो.

येथे एक इशारा अत्यंत कळकळीने द्यावासा वाटतो. गूढविद्येच्या नावाखाली पैसा, देह किंवा निष्ठा लुबाडणारे लोक सर्वत्र असतात. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो याच अनुभवामुळे. शिवाय मनाचा आजार हा आत्म्याचा दोष नव्हे. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने जीवन संपवले आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ आज अनेक लोक अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या दशकांत कर्ज, नापिकी आणि भाव यांच्या चक्रात सापडलेल्या येथील घरांनी जे सोसले, त्यावर 'देह नश्वर आहे' हे वाक्य उत्तर म्हणून देणे ही क्रूरता होईल. निराशेने ग्रासलेल्या मनाला वैद्याची आणि माणसांच्या सोबतीची गरज असते. 'टेली मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, आणि ती मदत घेण्यात अध्यात्माला कोणताही कमीपणा नाही.

किंबहुना परंपरेची साक्ष याच बाजूची आहे. तैत्तिरीय उपनिषदात भृगू पित्यापाशी ब्रह्मज्ञान मागतो, तेव्हा त्याच्या शोधात पहिल्याने अन्न हेच ब्रह्म म्हणून उमगते, आणि आनंदापर्यंत पोहोचल्यावरही अन्नाची निंदा न करण्याचे, अन्न वाढवण्याचे व्रत त्याला सांगितले जाते. आत्म्याची वाट अन्नमय कोशातून निघते, मनोमय कोशातून पुढे जाते, आणि यांपैकी एकही मुक्काम वगळून ती पुरी होत नाही. म्हणून ज्याला आत्मज्ञानाची खरी आस्था आहे त्याने आपल्या देहाची निगा राखावी, मनाची दखल घ्यावी, साक्षीचा अभ्यास करावा. आणि जो जमीन कसून सर्वांचे अन्नमय कोश भरतो त्याचे घर उपाशी आणि त्याचे मन एकाकी राहणार नाही, ही जबाबदारी आत्मविद्येचाच भाग म्हणून अंगावर घ्यावी.